छावणीची भाषा, गिटारची भाषा

काँगो नदीच्या मधल्या टप्प्यात एकोणिसाव्या शतकात बोबांगी व्यापाऱ्यांचं राज्य होतं. त्यांच्या होड्यांतून हस्तिदंत, मासे, कसावा जाई, आणि माणसंही, गुलाम म्हणून. काठावर सौदा करायचा तर थोडीफार बोबांगी यावीच लागे.

1880च्या दशकात बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या माणसांनी नदीकाठी ठाणी उभारली. त्यांचे शिपाई नि मजूर झांझिबारहून, पश्चिम आफ्रिकेतून आणलेले. त्यांनी बोबांगी उचलली ती कामापुरती, व्याकरणाची बरीच रूपं गाळून. बांगाला ठाण्यावरून (आजचं माकांझा) तिला 'बांगाला' म्हणू लागले. रबराच्या वसुलीसाठी गावं जाळणाऱ्या 'फोर्स पब्लिक' या फौजेत हुकूम सुटत ते याच बोलीत. सरकारी आगबोटींनी बोबांगींचा व्यापार बुडवला आणि त्यांची मोडकी बोली मात्र त्याच आगबोटींतून दूरवर नेली.

मिशनऱ्यांना ही छावणीतली बोली गावंढळ वाटली. ईगिद द बुक या बेल्जियन धर्मगुरूने शेजारच्या बांटू भाषांतून शब्द आणि प्रत्यय आणून तिची डागडुजी केली, 1904 मध्ये व्याकरण छापलं, 'लिंगाला' हे नाव रुजवलं. लोकांनी नाव घेतलं. व्याकरण बव्हंशी शाळेच्या आणि चर्चच्या पुस्तकांतच राहिलं.

राजधानीचं शहर किन्शासा (तेव्हाचं लिओपोल्डव्हिल) खरं तर किकाँगो भाषेच्या मुलखाजवळचं. पण फौज, नदीवरची नोकरी आणि मजुरी यांमुळे शहराच्या तोंडी लिंगाला बसली. पुढचं काम गिटारने केलं, आणि बंदुकीपेक्षा सरस केलं. 1948 मध्ये एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'एन्गोमा' या ध्वनिमुद्रण कंपनीने गायक वेंडो कोलोसॉयचं 'मारी-लुईझ' हे लिंगाला गाणं काढलं. 1960 मध्ये ब्रसेल्सला काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना जोसेफ काबासेलेच्या 'आफ्रिकन जाझ' या वाद्यवृंदाने 'अँदेपांदांस चा चा' गायलं, आणि ते सीमेपलीकडेही वाजू लागलं. लिंगालाचा शब्द न कळणारे लोक पूर्व आफ्रिकेत तिच्यातल्या रुंबा गाण्यांवर नाचत.

राष्ट्राध्यक्ष मोबुतू (1965–1997) सभांत लिंगालात बोले. त्याला हाकलणाऱ्या बंडखोर नेत्या लॉरां काबिलाच्या सैन्यात स्वाहिली चाले, तरी राजधानीने आपली भाषा बदलली नाही. आज काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या चार राष्ट्रीय भाषांत ती एक आहे. सरकारी कागद फ्रेंचमध्येच निघतात. देशाच्या ईशान्येला मात्र द बुकच्या सुधारणा फारशा पोहोचल्या नाहीत, आणि तिथली बोली अजून 'बांगाला' याच नावाने ओळखली जाते.