चाकणचा वेढा आणि शर्मिष्ठेतील तारा

इ.स. १६६० च्या पावसाळ्यात शाएस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी आत झुंजत राहिला, ही हकीकत या परिसरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पन्नासाहून अधिक दिवस तो कोट लढला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा पडला. कोणी तरी लिहून ठेवले, म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतर आपण त्याविषयी बोलू शकतो. त्याच सुमारास, पुढच्या दहा-वीस वर्षांत, आणखी एका स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर येऊन पोचला. शर्मिष्ठा तारकासमूहातील एक प्रचंड तारा फुटला होता. त्याची निर्विवाद नोंद मात्र जगाच्या पाठीवर कोठेही सापडलेली नाही. ज्या घटनेची बखर कोणी लिहिली नाही, तिचा इतिहास कसा लिहावा, हा आमचा आजचा विषय आहे.

अशा ताऱ्याला आपण अतिदीप्त नवतारा म्हणतो. सुपरनोव्हा हा शब्दही आता आपल्या परिचयाचा झाला आहे. नाव थोडे फसवे आहे. तो नवा तारा नसतो, जुन्या ताऱ्याचा तो अंत असतो. १०५४ साली वृषभ राशीत असा एक तारा दिसला. चिनी ज्योतिषांनी त्याला ‘पाहुणा तारा’ म्हटले आणि तो तेवीस दिवस भर दिवसा दिसत होता असे लिहून ठेवले. १५७२ साली टायको ब्राहेने आणि १६०४ साली, म्हणजे शहाजीराजांच्या बालपणी, केप्लरने आणखी दोन तारे पाहिले. आपल्याकडे काय घडले? पुण्याच्या डॉ. जयंत नारळीकरांनी आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात १०५४ च्या ताऱ्याचा शोध घेतला. निश्चित म्हणावा असा उल्लेख हाती आला नाही. आपल्याकडे आकाश पाहणारे नव्हते असे नाही. ग्रहणाची वेळ घटका-पळांत सांगणारे ज्योतिषी होते. पण गणितात न बसणारा पाहुणा लिहून ठेवण्याची रीत आपल्यात रुजली नसावी, असे आम्हांला वाटते.

शर्मिष्ठेतील तारा तर युरोपातही निसटला. तो सुमारे अकरा हजार प्रकाशवर्षे दूर, आणि वाटेतल्या धुळीने त्याचा प्रकाश झाकोळला असावा.

तारा फुटतो कशामुळे, हे थोडक्यात पाहू. आपला सूर्य काटकसरी आहे. त्याचे इंधन एकंदर हजार कोटी वर्षे पुरेल. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा मात्र उधळ्या सावकारासारखा वागतो. अफाट भांडवल असूनही काही कोटी वर्षांतच, कधी त्याहूनही लवकर, त्याची तिजोरी रिती होते. तो हायड्रोजनचा हेलियम करतो, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन अशा पायऱ्या चढत शेवटी लोखंडापाशी येतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांची हयात लोखंड कापण्यात, घडवण्यात गेली, त्यांच्या कामाची सुरुवातच लोखंडापासून होते. ताऱ्याचे काम तेथे संपते, कारण लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. आतला आधार गेला की पृथ्वीएवढा गाभा एका क्षणात कोसळतो आणि जेमतेम चाकणपासून पिंपरीपर्यंत पोचेल एवढा गोळा उरतो. बाहेरचे थर आकाशात फेकले जातात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सर्व घडताना कोणी पाहिले नसेल, तर साक्ष कोणाची घ्यायची? साक्ष त्या ताऱ्याचीच घ्यायची. असा तारा म्हातारपणी फुगतो आणि त्याच्या अंगावरून वायूचा झोत हळूहळू बाहेर वाहू लागतो. हा ‘वारा’ सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर वेगाने जातो. स्फोटाची लाट त्याच्या मागून सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर वेगाने धावते. वेगात हजारपटींचा फरक! म्हणून वाऱ्याने जे अंतर हजार वर्षांत तोडले, ते लाट एका वर्षात ओलांडते. वाटेत वारा दाट असेल तेथे लाटेतून निघणाऱ्या रेडिओ-लहरी जोरकस होतात, विरळ असेल तेथे मंदावतात. दहा वर्षे त्या लहरी ऐकल्या, की ताऱ्याच्या अखेरच्या दहा हजार वर्षांची हकीकत कळते. तीही उलट्या क्रमाने, अलीकडची आधी आणि जुनी नंतर. दप्तर चाळणारा संशोधक वरच्या कागदापासून खाली जातो, तसेच हे आहे.

शर्मिष्ठेतील अवशेषही प्रथम रेडिओनेच सापडला. १९४८ साली केंब्रिजच्या राइल आणि स्मिथ यांना. पुढे २००८ साली एक नवल घडले. त्या स्फोटाचा काही प्रकाश दूरच्या धुळीच्या ढगांवर आपटून, लांबच्या वाटेने, तीनशेहून अधिक वर्षे उशिरा आपल्याकडे आला. डोंगरावरून आरोळीचा पडसाद यावा तसा. त्या पडसादाचा वर्णपट घेतला, तेव्हा तो १९९३ च्या एका अतिदीप्त नवताऱ्याशी जुळला. हा तारा सप्तर्षींच्या दिशेला, सव्वा कोट प्रकाशवर्षांच्या घरात असलेल्या दीर्घिकेत, स्पेनमधील एका हौशी निरीक्षकाला दिसला होता.

आणि या भावंडाचे बोल जेथे ऐकले गेले, ते ठिकाण आपल्याच रस्त्यावर आहे. चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावला पोचले, की जवळच खोडद लागते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणल्यामुळे तबकड्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. पूनम चंद्रा, अलक राय आणि संजय भटनागर यांनी स्फोटानंतर सुमारे ३२०० दिवसांनी या दुर्बिणीने त्या ताऱ्याच्या दीर्घ लहरी मोजल्या, अमेरिकेतील दुर्बिणीच्या आखूड लहरी त्यांना जोडल्या, आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जास्त शक्तीचे इलेक्ट्रॉन आधी थकतात. ते किती थकले यावरून तेथील चुंबकीय क्षेत्र किती तीव्र आहे, हे त्यांनी काढले.

खोडदची जागा निवडताना दोन गोष्टी पाहिल्या गेल्या. पुण्याचे कारखाने आणि विद्यालये हाताशी हवीत, पण माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट दूर हवा. आज तो गोंगाट रस्त्याने उत्तरेकडे सरकत आहे. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या मूळ आखणीला दुर्बिणीसाठी हरकत निघाली, तेव्हा त्या भागात नाराजी उमटली. ती नाराजी आम्ही खोटी मानत नाही. शेतकऱ्याला बाजार हवा, कामगाराला गाडी हवी. तरी एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ पासून कावसजी नेगमवाला यांची वेधशाळा होती. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. मोडलेली वेधशाळा परत उभारायला पिढ्या जातात.

एका ताऱ्याची नोंद आपले पूर्वज करू शकले नाहीत. त्यांच्याजवळ साधन नव्हते. आपल्याजवळ ते आहे, आणि ते चालण्यासाठी फक्त थोडी शांतता लागते. पुढचा पाहुणा कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. तो येईल तेव्हा खोडदला ऐकू यावे, एवढी व्यवस्था या रस्त्यावर राहणाऱ्या आपण सर्वांनी राखली पाहिजे.