कण्हण्याचा अर्थ

घरघर लागली म्हणजे शेवट जवळ आला, असे आपली भाषा सांगते. म्हणून चार दिवसांच्या बाळाच्या श्वासात घरघर ऐकू आली, की घरच्या माणसांच्या काळजात चर्र होते. वास्तविक तान्हे मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेते. ती वाट इतकी अरुंद, की थोडा शेंबूड अडकला तरी आवाज व्हावा. मूल नीट पीत असेल, श्वासासाठी धडपडत नसेल, ओठ-जीभ गुलाबी असतील, तर अशा घरघरीत बहुधा भिण्यासारखे काही नसते. मात्र दर उच्छ्वासाबरोबर येणारे बारीक कण्हणे निराळे. त्याचा अर्थ वैद्यकाला कसा उमगला, ते आपण पाहू.

अपुऱ्या दिवसांची कितीतरी मुले अशी कण्हत कण्हत दगावत. शवविच्छेदनात त्यांच्या फुप्फुसांत काचेसारखा पापुद्रा आढळे, आणि साहजिकच संशय त्याच्यावर जाई. १९५९ साली बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी खरी उणीव दाखविली. वायुकोश मिटू न देणारे स्निग्ध द्रव्य या मुलांच्या फुप्फुसांत पुरेसे नव्हते. कारण कळले, पण उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला. राष्ट्राध्यक्षाचे घरही तेथे हतबल ठरले.

१९६८ साली केपटाउनच्या हॅरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कण्हण्याकडेच लक्ष दिले. श्वासनलिकेत नळी घातली, की कण्हणे थांबे आणि रक्तातला प्राणवायू घटे. नळी काढली, की कण्हणे परते आणि प्राणवायू वाढे. बाळ कंठद्वार आवळून हवा आत धरून ठेवीत होते. ज्याला आपण रोगाचे लक्षण म्हणत होतो, तो बाळाने स्वतःच योजलेला उपाय होता!

१९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरींनी हेच काम यंत्राकडे सोपविले. श्वासमार्गात सतत हवेचा दाब ठेवून त्यांनी उपचार केलेल्या २० मुलांपैकी १६ वाचली. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेले ते द्रव्यच १० अर्भकांना यशस्वीपणे दिले.

तेव्हा बाळ दर श्वासाला कण्हू लागले, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर दिसू लागले, तर घुटी उगाळीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. दमून ते कण्हणे थांबले, तर त्याला आराम पडला असे समजू नये.