जामिनाआधीची विचारपूस

अमेरिकेच्या संघीय न्यायालयात अटक झालेल्या माणसाला न्यायाधीशासमोर उभं करण्याआधी एक अधिकारी येऊन भेटतो. तो पोलीस नसतो आणि वकीलही नसतो. कुठे राहता, किती वर्षं झाली, घरी कोण कोण आहे, काम काय करता, मालकाचा फोन नंबर देता का, तब्येत कशी आहे, असे साधे प्रश्न तो विचारतो. गुन्हा तुम्ही केलात का, एवढंच विचारत नाही. ते त्याचं कामच नव्हे. या भेटीत सांगितलेल्या गोष्टी कायद्यानं गोपनीय असतात आणि गुन्हा शाबित करण्यासाठी त्या वापरता येत नाहीत. मग तो फोन लावतो, बायकोला, भावाला, मालकाला. मिळालेली माहिती पडताळतो आणि माणसाला सोडावं की नाही, सोडायचं तर कोणत्या अटींवर, याचा अहवाल न्यायाधीशापुढे ठेवतो.

या अधिकाऱ्याला तिथे प्रीट्रायल सर्व्हिसेस ऑफिसर म्हणतात. समाजकार्य, मानसशास्त्र, गुन्हेशास्त्र शिकलेली अनेक मुलंमुली या नोकरीकडे वळतात. संघीय सेवेत यायचं तर पदवी लागते, पहिली नेमणूक सर्वसाधारणपणे वयाच्या 37 च्या आत व्हावी लागते आणि दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या अकादमीत प्रशिक्षण घ्यावं लागतं. इतकं रीतसर झालेलं हे पद 1961 पूर्वी अस्तित्वातच नव्हतं. ते एका कारखानदाराच्या अस्वस्थतेतून, एका तरुण पत्रकाराच्या चिकाटीतून आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या प्रश्नावलीतून जन्माला आलं.

आधी जामिनाचं बघू. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत आरोपीसाठी उभा राहणारा जामीनदार हा त्याच्या ओळखीचा, गावातला, नात्यातला माणूस असे. आरोपी पळाला तर त्याची तोशीस त्या माणसाला लागायची, म्हणून तो लक्ष ठेवायचा. अमेरिकेत माणसं सतत गाव बदलत पश्चिमेकडे सरकत होती. तिथे असा ओळखीचा माणूस आणायचा कुठून? त्या जागी पैसा आला. 1898 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत मॅकडोनो बंधूंनी आपल्या दारूच्या गुत्त्यातून आरोपींचे जामीन भरून देण्याचा धंदा सुरू केला. अमेरिकेतला पहिला व्यावसायिक जामीनदार म्हणून त्यांचंच नाव घेतात. पुढे हा धंदा देशभर पसरला. जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के फी द्यायची, आणि ती परत मिळायची नाही, मग माणूस निर्दोष सुटला तरी. ज्याच्याकडे तेवढेही नाहीत तो आत.

यावर कुणी बोललंच नव्हतं असं नाही. आर्थर बीली या समाजशास्त्रज्ञाने 1927 मध्ये शिकागोच्या जामीनपद्धतीचा अभ्यास छापला. जामिनाची रक्कम आरोपाकडे बघून ठरते, माणसाकडे बघून नाही, तेव्हा आधी त्याची माहिती गोळा करा, असं त्याने सुचवलं होतं. कॅलेब फूट या प्राध्यापकाने 1954 मध्ये फिलाडेल्फियाच्या कोर्टांचा अभ्यास करून जवळपास तेच दाखवलं. दोन्ही अभ्यास विद्वानांनी वाचले, वाखाणले, आणि कोर्टात काही बदललं नाही. मला या कुळकथेतला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. त्रुटी ठाऊक होती, उपायही कागदावर होता. तो उपाय रोज सकाळी कोठडीपाशी जाऊन करणारा माणूस तेवढा नव्हता.

लुई श्वाइत्झर हा न्यूयॉर्कचा केमिकल इंजिनीअर आणि कागदाचा कारखानदार. सिगारेटच्या कागदावर त्याने बक्कळ पैसा मिळवला होता आणि तो मनाला येईल तसा सढळ हाताने देतही होता. 1960 मध्ये त्याने स्वतःचं डब्ल्यूबीएआय हे रेडिओ केंद्र एका श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. त्याच सुमारास ब्रुकलिनच्या तुरुंगातली तरुण पोरं केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून कित्येक महिने आत असल्याचं त्याच्या कानावर आलं. त्याने जाऊन पाहिलं. त्याचा पहिला विचार कुणाही दानशूर माणसाला सुचेल तोच होता, की एक निधी काढावा आणि या पोरांचे जामीन भरावेत. तो निधी निघाला नाही हे चांगलं झालं. श्वाइत्झरने सोबत घेतलेला हर्बर्ट स्टर्झ हा तिशीतला पत्रकार कोर्टांत हिंडला, लोकांशी बोलला. पैशाचा अडसर पैशाने दूर केला तर पद्धत तशीच राहील, निधी संपला की पोरं पुन्हा आत, हे दोघांना उमगलं. दोघांपैकी एकही वकील नव्हता. 1961 मध्ये त्यांनी व्हेरा फाउंडेशन ही संस्था काढली. व्हेरा हे श्वाइत्झरच्या आईचं नाव.

16 ऑक्टोबर 1961 रोजी मॅनहॅटनच्या फौजदारी न्यायालयात ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ सुरू झाला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातले विद्यार्थी सुनावणीआधी, कोर्टाला लागून असलेल्या कोठड्यांमध्ये जाऊन आरोपींना भेटू लागले. खून, अमली पदार्थ अशा काही गुन्ह्यांना सुरुवातीला वगळलं होतं. बाकीच्यांना पंधरा-वीस मिनिटांत प्रश्न विचारायचे, दिलेल्या नंबरांवर फोन करायचे, नातेवाईक कोर्टात आले असतील तर तिथेच गाठायचे.

सुरुवातीला शिफारस अंदाजाने होई. पुढे गुणांची पट्टी बसवली. जवळच्या कुटुंबासोबत राहतो आणि इतर नातेवाइकांकडे जाणंयेणं आहे, 3 गुण. एकाच नोकरीत वर्ष काढलंय, 3 गुण. एकाच पत्त्यावर वर्षभर आहे, 3 गुण. शहरात दहा वर्षं झाली, 1 गुण. पूर्वी शिक्षा झालेली नाही, 1 गुण. झालेली असेल तर उलट वजाबाकी. न्यूयॉर्क परिसरातला संपर्काचा पत्ता आणि एकूण 5 गुण जमले की विद्यार्थी न्यायाधीशाला लेखी शिफारस करत, की या माणसाला पैशाविना, त्याच्या शब्दावर सोडावं. या पट्टीत बँकेच्या खात्याला जागाच नव्हती. सगळं वजन कुणाचा कोण आहे आणि पाय कुठे रुजलेत याला होतं. सुटका झाली की काम संपत नसे. पुढची तारीख, कोर्टाची खोली, वेळ हे कळवणारं पत्र जाई, गरज पडली तर फोन होई, आणि इंग्रजी न येणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं जाई. तारखेला न येणारे सगळे पळालेले नसतात, कित्येकांना तारीख कळलेलीच नसते, हे या पोरांनी ओळखलं होतं.

पहिल्या वर्षी त्यांनी एक कठोर गोष्ट केली. शिफारशीला पात्र ठरलेल्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाची शिफारस न्यायाधीशांपर्यंत पोचवलीच नाही. हे वाचताना मनाला टोचतं. त्या दुसऱ्या गटातही सुटण्याजोगी माणसंच होती. पण याच तुलनेमुळे पुढे कुणाला वाद घालता आला नाही. शिफारस पोचली त्या गटातले 100 पैकी सुमारे 60 सुटले, न पोचलेल्या गटातले 15 च्या आसपास. त्याहून बोलका आकडा खटल्यांच्या निकालाचा होता. पहिल्या गटातले 60 टक्के निर्दोष सुटले किंवा त्यांच्यावरचे आरोप निघाले, दुसऱ्या गटात हे प्रमाण 23 टक्के होतं. दोषी ठरलेल्यांपैकी पहिल्या गटात साधारण सहातल्या एकाला तुरुंगवास झाला, दुसऱ्यात जवळपास सगळ्यांना. माणसं सारखीच. एक गट घरून, वकिलाला भेटून, नोकरी टिकवून कोर्टात येत होता आणि दुसरा तुरुंगाच्या गाडीतून. एप्रिल 1964 पर्यंत सुमारे 10,000 जणांच्या मुलाखती झाल्या, 4,000 जणांची शिफारस झाली, 2,195 जण सुटले. त्यांतले फक्त 15 तारखेला आले नाहीत.

हे आकडे वॉशिंग्टनला पोचायला वेळ लागला नाही. रॉबर्ट केनेडी तेव्हा ॲटर्नी जनरल होते. त्यांनी 1963 मध्येच आपल्या सरकारी वकिलांना शक्य तिथे शब्दावर सुटकेची शिफारस करायला सांगितलं आणि मे 1964 मध्ये जामिनावर राष्ट्रीय परिषद भरवली. 22 जून 1966 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी जामीन सुधारणा कायद्यावर सही केली. त्याच वर्षी राजधानीत सरकारी बेल एजन्सी निघाली. 1974 च्या कायद्याने दहा संघीय जिल्ह्यांत प्रायोगिक कचेऱ्या उघडल्या, आणि 1982 च्या प्रीट्रायल सर्व्हिसेस कायद्याने हे पद देशभरच्या संघीय न्यायालयांत पोचलं.

जन्मगावी मात्र त्याचे हाल झाले. 1964 मध्ये न्यूयॉर्कचं काम शहराच्या प्रोबेशन खात्याकडे गेलं आणि मुलाखती उरकण्याचं काम होऊन बसल्या. पडताळणी ढिली झाली, तसा न्यायाधीशांचा अहवालांवरचा विश्वासही. 1973 मध्ये व्हेराला नव्या एजन्सीच्या रूपाने ते पुन्हा उभं करावं लागलं. प्रश्नावली तीच असली तरी फोन न लावणाऱ्याच्या हातात ती निव्वळ छापील कागद असते.

1984 च्या कायद्याने या पदाचं रूप पालटलं. माणूस तारखेला येईल का, या प्रश्नाशेजारी तो बाहेर धोकादायक ठरेल का, हा प्रश्न आला. अधिकारी लघवीची तपासणी करू लागला, पायातल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यावर नजर ठेवू लागला. अलीकडे काही राज्यांत जोखीम मोजणारी गणिती सूत्रं आली आहेत. 2013 मध्ये केंटकीने स्वीकारलेलं असंच एक सूत्र मुलाखतीविना, वय आणि गुन्ह्याच्या नोंदी पाहून गुण देतं. ते झटपट होतं आणि सगळ्यांना एकच मोजमाप लावतं, हे खरं. पण या सूत्रात आई कुठे राहते हे विचारायला कुणी कोठडीपाशी जात नाही. मूळ कल्पनेचा जीव त्या जाण्यातच होता, असं माझं ठाम मत आहे.

हीच कल्पना आपल्याकडेही आली होती. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी जानेवारी 1979 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर लिहिलं. आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ माणसं आत होती. त्या लेखांवरून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हुसैनआरा खातून खटला उभा राहिला. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात मॅनहॅटन बेल प्रोजेक्टचं नाव घेऊन सांगितलं की पैशाविनाही आरोपी हजर राहतात. माणसाची मुळं समाजात किती रुजली आहेत हे पाहण्यासाठी त्यांनी आठ मुद्दे दिले. वास्तव्य, नोकरी, कुटुंब, आधीची नोंद. मॅनहॅटनचीच प्रश्नावली.

तत्त्व आलं, पण प्रश्न विचारणारा नेमला गेला नाही. आपला परिवीक्षा अधिकारी 1958 च्या कायद्यापासून आहे, पण मुख्यतः त्याचा अहवाल मागतात तो दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षा ठरवताना. जामिनाच्या वेळी न्यायाधीशापुढे असतात पोलिसांचे कागद. आदेश निघतो, 15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. मग रेशनकार्ड, पगाराची पावती, सात-बारा किंवा तहसीलचा ऐपतीचा दाखला असलेला माणूस शोधा. लातूरहून किंवा बिहारहून मुंबईत आलेल्या बिगाऱ्याला तो कुठे सापडणार? जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, आणि कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार त्याच्या घरच्यांना गाठतात. 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते मुंबईत 1990 पासून तुरुंगात जाऊन अशांची विचारपूस करतात, घरी निरोप पोचवतात, कागद जमवतात. काम तेच आहे, पण सरकारी आस्थापनेत त्याला अजून खुर्ची नाही.

31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक दार उघडलं आहे. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिव परिवीक्षा अधिकाऱ्याच्या किंवा विधी स्वयंसेवकाच्या मदतीने त्या कैद्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करून, अटी शिथिल करा, अशी विनंती न्यायालयाला करू शकतात. नियमित पद होईपर्यंत आपल्याला मिळालेला मॅनहॅटनचा वारसा एवढाच आहे, आणि तो मागितल्याशिवाय हलत नाही. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंचा मुलगा, इमारतीचा वॉचमन, गावाकडचा कुणी जामीन मिळूनही अडकला असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन हा अहवाल करायला सांगा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं असेल तर क्रमांक आहे 15100.