तळ्यातल्या गाळाचं कूळ

बायोफ्लॉकच्या, म्हणजे जिवाणूंकडून पाणी साफ ठेवत मासे वाढवण्याच्या, टाकीपाशी मत्स्यशेतकऱ्याच्या हातात खुणा केलेला, खाली निमुळता होत गेलेला एक पारदर्शक शंकू दिसतो. टाकीतलं लिटरभर पाणी त्यात घ्यायचं, वीसेक मिनिटं थांबायचं आणि तळाशी किती मिलिलिटर गाळ बसला ते वाचायचं. हा इमहॉफ शंकू. कार्ल इमहॉफ या जर्मन अभियंत्याचं काम मासळीचं नव्हतं. एम्शर नदीच्या खोऱ्यातलं शहरी मैलापाणी तो निवळवत होता. जिवाणूंकडून माशांचं पाणी साफ करून घेण्याची विद्या कोणत्या घरातून आली, ते हा शंकूच सांगतो.

त्या घराचा मूळपुरुष पॅरिसचा. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या रसायनशास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीच्या थरातून मैलापाणी झिरपत ठेवलं. काही दिवसांनी त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबलं. म्हणजे हे काम सजीवांचं होतं! १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे काढले.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मँचेस्टरचा टप्पा. तिथल्या डेव्हीह्यूमच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट हे रसायनशास्त्रज्ञ बाटल्यांमधल्या मैलापाण्यात हवा सोडत होते. पहिल्यांदा पाणी पुरतं शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं मैलापाणी घातलं. असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत आलं. गाळ फेकायचा नाही, पाळायचा, हा शोध १९१४ मध्ये जाहीर झाला. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

मासळीकडे ही विद्या उशिरा वळली. १९७० च्या दशकात ताहितीत फ्रेंच संशोधकांनी कोळंबीवर प्रयोग केले. नंतर पाण्याची टंचाई असलेल्या इस्राएलमध्ये योराम अव्निमेलेख यांनी त्यामागचं गणित मांडलं. खाद्यातल्या नायट्रोजनचा जेमतेम चौथा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, बाकीचा पाण्यात उतरतो. त्यात गूळ किंवा मळी घालून कर्ब वाढवला की जिवाणू अमोनिया खाऊन वाढतात आणि त्यांचे पुंजके तिलापियासारखे मासे खातात.

पाणी न बदलता तेच पुन्हा वापरण्याचं हे शास्त्र खानदेशातल्या आमच्या शिरपूरला सांगावं लागू नये. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि स्थानिक नेते अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने इथले नाले खोल-रुंद झाले, बंधारे बांधले गेले, विहिरींना पाणी आलं. इतक्या कष्टाने जिरवलेलं पाणी टाकीत घाण करून पुन्हा नाल्यात सोडणं मला पटत नाही. ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत करणाऱ्या शेतकऱ्याला गूळ घालून जिवाणू वाढवणं नवं नाही. मात्र जीवामृताच्या ड्रमात मासे नसतात. बायोफ्लॉकच्या टाकीत जिवाणूही माशांइतकेच प्राणवायूचे भुकेले. हवा तासभर थांबली तरी मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. त्यात खानदेशचा मे महिना: पाणी तापलं की तेवढाच अमोनिया अधिक विषारी होतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून बायोफ्लॉकला अनुदान मिळू लागलं. त्यातून टाकी घेणाऱ्याने जिवाणूंच्या महागड्या बाटलीआधी हवेच्या पंपाला जनरेटरची जोड द्यावी आणि शंकूत गाळ जास्त दिसू लागला की जादाचा काढून केळीच्या बागेत घालावा.