हळद उडते, काजळ राहतं : कागदावरच्या शाईची गोष्ट

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरात कागदपत्रांची पिशवी खुंटीला टांगलेली आहे, त्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे. निवांत वाचा.

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदींची शोधाशोध सुरू झाली, हे सगळ्यांना आठवत असेल. तहसीलच्या अभिलेख कक्षातली गाठोडी सुटली. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे हुडकून आणावे लागले. आरक्षणाच्या वादात आज मी शिरत नाही, त्यावर पारावर रोज बोलणं होतंच. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसली. वाचणारा माणूस मिळेना, पण अक्षर मात्र जागेवर होतं. कागद कडेनं फाटलेला, कसरीनं भोकं पाडलेली, आणि मधली बोरूनं लिहिलेली ओळ काळीभोर.

आता आपल्या खिशातली रेशनची पावती काढून बघा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळालेली असेल, तर दिवाळीपर्यंत ती कोरी होते.

असं का होतं, हे आपल्या भागात समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपण हळदीच्या मुलखातले. हिंगोली-वसमतच्या बाजारात वावरणाऱ्याला ठाऊक आहे, हळदीचा डाग साबणानं जात नाही. पण तोच सदरा उन्हात वाळत घाला, दोन-चार उन्हांत डाग उडतो. हळदीतलं रंगद्रव्य उजेडानं मोडतं. काजळाचा डाग मात्र उन्हात कितीही दिवस ठेवा, तसाच. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. त्याला ऊन मोडू शकत नाही, हवा बिघडवू शकत नाही. शाईचा सगळा इतिहास या दोन डागांमध्ये मावतो. कोणत्या काळात सरकारनं आणि बाजारानं काजळ वापरलं आणि कोणत्या काळात हळद, एवढंच बघत जायचं.

मोडी लिहिणाऱ्या कारकुनाची शाई काजळाची. तेलाच्या दिव्यावर भांडं धरून काजळी गोळा करायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायची आणि दिवसचे दिवस घोटायची. घोटणं कमी पडलं तर शाई बोरूवरून नीट उतरत नाही. डिंक काजळाचे कण कागदाला चिकटवून ठेवतो. या शाईचं वैर फक्त पाण्याशी. डिंक विरघळला की अक्षर पसरतं. कागदही तसाच दणकट होता. दौलताबादेजवळचं कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. चिंध्या कुटून केलेला तो कागद आजच्या लाकडाच्या लगद्याच्या कागदासारखा आपोआप पिवळा पडून तुटत नाही. दुसरी एक शाई हिरडा आणि हिराकस यांची असायची. तीही गडद, पण त्यातलं लोखंडाचं क्षार-आम्ल कालांतरानं कागदच खातं. ज्या जुन्या कागदांत अक्षराच्या जागी नेमकं भोक पडलेलं दिसतं, तिथं बऱ्याचदा ही शाई असते.

मग छपाई आली. इथं एक नाव आपण मराठी लोकांनी विसरू नये : गणपत कृष्णाजी. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिळाछापाचं काम बघून या माणसानं स्वतःचं यंत्र उभं केलं आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. शिळाछाप म्हणजे लिथोग्राफी. जर्मनीत सेनेफेल्डरनं १८ व्या शतकाच्या अगदी शेवटी शोधलेली ही रीत : दगडावर तेलकट शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. पाणी शाईला हाकलतं, तेलकट अक्षर शाईला धरतं. इतकं साधं.

पण दगडावर लिहायच्या शाईत मेण, साबण आणि जनावराची चरबी असते. पंचांग घ्यायचं कुणी? देवघरात चरबी लागलेला कागद न्यायचा? सोवळ्यातले लोक छापील पोथीला हात लावायला तयार नव्हते. मग शाईत चरबीऐवजी तूप वापरलं गेलं, असं त्या काळाबद्दल नोंदवलेलं आहे. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात गणपत कृष्णाजींच्या छापखान्याची दखल घेतली आहे. शाई, दगड, पुढं टाइपही, सगळं या माणसानं स्वतःच्या खटपटीनं उभं केलं. आज कुणी असं केलं असतं तर आपण त्याला संशोधक म्हणून डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा तो नुसता छापखानेवाला. मला विचाराल तर तुपाची शाई हा मराठी मुलखातला फार मोठा शोध आहे. त्यातलं रसायन फार अवघड नव्हतं, पण त्यानं छापील कागद देवघराच्या उंबऱ्याच्या आत नेला.

निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडं, हीच शिळाछाप दीर्घकाळ टिकली. उर्दूची नस्तालिक लिपी टाइपात बसवणं महाकठीण. त्यापेक्षा कातिबानं सुंदर लिहावं आणि दगडावरून छापावं. जवसाचं तेल शिजवून केलेला रोगण आणि त्यात काजळी, ही छपाईची शाई. पुन्हा काजळच. म्हणून ते उर्दू छापील मजकूर आजही स्पष्ट दिसतात.

बिघाड सुरू झाला तो १८५६ नंतर. त्या वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं डांबरापासून जांभळा रंग काढला. त्यामागून स्वस्त कृत्रिम रंगांची रांग लागली. शिक्क्याची जांभळी शाई, दौतीतली धुतली जाणारी निळी शाई, नंतर बॉलपेन, हे सगळं त्या घराण्यातलं. दिसायला झकास, लिहायला सोपं, पण स्वभाव हळदीचा. जमिनीच्या भानगडीत ज्याला १९५४-५५ चं खासरा पत्रक काढायची वेळ आली असेल त्यानं नीट बघावं. काळ्या शाईची नोंद आणि निळ्या शाईची नोंद यांत कोणती आधी फिकी पडते, ते कुणी सांगायची गरज पडत नाही.

आता उजेडाकडं वळू. उजेड जसा शाई उडवतो, तसा तो शाई बसवतोही. १९ व्या शतकात लोकांच्या लक्षात आलं की जिलेटिनमध्ये पोटॅशियम बायक्रोमेट मिसळून पत्र्यावर लावलं आणि त्यावर ऊन पडलं, तर तेवढाच भाग कडक होतो आणि तेलकट शाई धरतो. म्हणजे नकाशा दगडावर हातानं काढायला नको. फोटो घ्या आणि जस्ताच्या पत्र्यावर उजेडानं उतरवा. पुण्याच्या शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाचं नाव यावरूनच पडलं. फोटो म्हणजे उजेड, झिंक म्हणजे जस्त. आज त्या नावाचा अर्थ सांगणारे फार थोडे राहिलेत.

याच विद्येत तयार झालेला एक माणूस म्हणजे त्र्यंबकचे धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते छपाईतले कारागीर होते. राजा रविवर्मांच्या छापखान्यासाठी त्यांनी फोटोलिथोचं काम केलं, १९०८ च्या सुमारास स्वतःचा एनग्रेव्हिंगचा कारखाना काढला, रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. भागीदारांशी पटलं नाही, बाहेर पडले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. चांदीचे क्षार, जिलेटिन, उजेड, अंधारी खोली : सिनेमाच्या फिल्मचं हे सामान त्यांच्या हाताला आधीपासूनच ओळखीचं होतं. जाता जाता सांगतो, मतदानाच्या वेळी बोटाला लागणारी शाईही याच घराण्यातली. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात १९६२ च्या निवडणुकीपासून बनणाऱ्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या मिठाशी त्याची गाठ पडते आणि उजेडात ते काळं होतं. आपलं बोट म्हणजे त्या दिवशी फोटोचा कागदच.

आपल्या सिद्धेश्वरला याचा संबंध कुठं येतो? धरणाच्या कागदांत. पूर्णेवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर ही धरणं उभी राहिली त्या काळात बांधकामाचे मूळ नकाशे ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईनं काढायची रीत होती. कार्यालयांना वाटायच्या प्रती असायच्या अमोनिया प्रिंट. उजेडाला संवेदनशील लेप लावलेला कागद, त्यावर ट्रेसिंग ठेवून प्रकाश द्यायचा आणि अमोनियाच्या वाफेत धरायचा. जिथं उजेड पोचला नाही तिथं निळी-जांभळी रेघ उठते. स्वस्त, झटपट. पण ही प्रत उजेडात ठेवली की रेघ फिकट होते आणि कागद तांबूस होत जातो. म्हणजे खात्याच्या पेटीतला मूळ नकाशा राहणार आणि वाटलेली प्रत उडणार. कुणाची जमीन कुठपर्यंत गेली हे ज्याला सिद्ध करायचं असतं, त्याच्या हातात बहुतेक वेळा प्रतच असते. त्यामुळं ज्यांच्या घरी असे निळे नकाशे घडी घालून ठेवलेले असतील त्यांनी ते आजच अंधारात, कोरड्या जागी ठेवावेत आणि त्यांची प्रत काढून घ्यावी.

आम्ही वर्तमानपत्राच्या धंद्यात आलो तेव्हा बटर पेपरचा जमाना होता. पानं कॉम्प्युटरवर लावायची, लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, तो प्लेटवर ठेवून प्लेट जाळायची. 'प्लेट जाळणं' म्हणजे उजेड देणं, हे पहिल्या महिन्यात कळलं. तेच फाळक्यांचं तंत्र, फक्त लेप बदललेला. सकाळच्या अंकाची शाई वाचकाच्या बोटाला लागते म्हणून लोक आम्हाला बोलतात. ती शाई पुरती वाळतच नाही, खनिज तेलात काजळी असते. पण चाळीस वर्षांपूर्वीचा अंक काढून बघा : कागद बिस्किटासारखा तुटतो, अक्षर काळंच.

झेरॉक्सची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधला पेटंटच्या कामातला माणूस. कागदांच्या नकला करून कंटाळलेला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी भाड्याच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या मदतनिसानं, ओटो कोर्नाई त्याचं नाव, गंधक लावलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासून त्यात वीज भरली. काचेवर लिहिलेली तारीख आणि 'अॅस्टोरिया' हे त्या भागाचं नाव पत्र्यासमोर धरून उजेड दिला. उजेड पडला तिथली वीज गेली, अक्षरापुरती राहिली. वरून भुकटी टाकली, ती तेवढ्याच जागी चिकटली. मेणाच्या कागदावर उतरवली, गरम केली. झालं. पण बाजारात यंत्र यायला १९५९ उजाडलं. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स नावाची कंपनी निघाली आणि प्रतीलाच आपण झेरॉक्स म्हणू लागलो. (या मोदीचा आणि आपल्या मोडीचा काही संबंध नाही.)

टोनर म्हणजे ही भुकटी. त्यात काय असतं? बारीक प्लास्टिक आणि काजळी! डिंकाच्या जागी प्लास्टिक आलं, काजळ तेच राहिलं. यंत्रातला गरम रूळ ते प्लास्टिक वितळवून कागदात बसवतो. म्हणून चांगल्या कागदावरची झेरॉक्स उन्हाला भीत नाही. तिचा शत्रू वेगळाच, स्वस्तातलं मऊ प्लास्टिकचं पाकीट. त्यातलं तेलकट द्रव्य टोनरला मऊ करतं आणि काही वर्षांनी कागद ओढला की अक्षरं पाकिटालाच चिकटून राहतात.

आणि आता रेशनची पावती. तिच्यात शाईच नसते. कागदावर आधीच एक बिनरंगी रंगद्रव्य आणि त्याच्या शेजारी एक आम्लधर्मी पदार्थ लावलेला असतो. यंत्राचं डोकं जिथं गरम टेकतं तिथं दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळं उठतं. शाई नको, रिबन नको, दुरुस्ती कमी, म्हणून हे यंत्र सगळीकडं गेलं. रेशन दुकान, एटीएम, एसटीचं तिकीट, वजनकाटा. पण ही जोडी जशी जमते तशी तुटतेही. उष्णता, उजेड, हाताचं तेल, सॅनिटायझर, प्लास्टिकचं पाकीट, काहीही पुरतं. आपल्याकडं मे महिन्यात टिनपत्र्याखाली ठेवलेल्या पावतीचं काय होणार? आणि कागद टिकावा म्हणून कुणी ती लॅमिनेशनला दिली, तर गरम रुळातून ती सबंध काळी होऊन बाहेर पडते.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठीही अशाच उष्णतेच्या कागदावर छापलेली असते, आणि मतमोजणीनंतर त्या चिठ्ठ्या जाड काळ्या कागदाच्या पाकिटात सीलबंद करतात. उजेड लागू नये म्हणून. मतदाराच्या चिठ्ठीला काळं पाकीट मिळतं. मग हळदीच्या वजनाची पावती, रेशनची पावती, खात्यात पैसे भरल्याची पावती, यांचं काय? तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न असतो, पावती आहे का. माणूस ती काढून देतो आणि समोरचा म्हणतो, ही तर कोरी आहे. मशीनमध्ये नोंद असते, हे खरं. पण नोंद ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच मशीनमध्ये. निजामाच्या अमलातल्या शेतकऱ्याच्या नावावर सव्वाशे वर्षांनी पुरावा निघतो आणि आजच्या शेतकऱ्याच्या हातातला पुरावा सहा महिने टिकत नाही, याला काय म्हणावं?

माझ्या मते ग्रामसभेत दोन मागण्या करता येतील. ज्या पावतीवर माणसाचा हक्क अवलंबून आहे ती साध्या कागदावर टोनरनं छापून मागता आली पाहिजे. आणि ते होईपर्यंत दुकानदारानं मागितल्यावर काळ्या शाईनं वजन, तारीख लिहून सही करून द्यावी.

घरच्या घरी करायचं ते असं. पैशाची, वजनाची, भरण्याची पावती हातात पडली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. मूळ पावती कागदी पाकिटात, अंधारात ठेवा, प्लास्टिकच्या घडीत नको. लॅमिनेशन अजिबात नको. घरात मोडी किंवा उर्दू कागद असतील तर त्यांना पाण्यापासून जपा. पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच. पूर्णाकाठच्या गावांनी तर जास्तच.

तुमच्याकडं धरणाच्या वेळचा निळा नकाशा किंवा जुनं खासरा पत्रक असेल तर त्यातली शाई कशी दिसते ते कॉमेंटमध्ये जरूर लिहा. फोटो टाकताना नावं आणि गट नंबर झाका.