अमेरिकेचा हजेरीपट

परराष्ट्रांवरील व्याख्यान संपले की एक प्रश्न हटकून येतो: "अमेरिका आपली मित्र की शत्रू?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे एका शब्दात उत्तर देणारावर विश्वास ठेवू नये, असे आमचे मत आहे. कारखान्यात वाटाघाटीला बसताना आम्ही मालकाचा ताळेबंद वाचतोच. परंतु त्याआधी हजेरीपट मागतो. काम कोण करतो, किती तास करतो, कायम किती आणि बदली किती, हे त्यातून कळते. मग ताळेबंदातील नफा कोठून आला हे समजू लागते. बलाढ्य राष्ट्राचा इतिहासही याच क्रमाने वाचावा. त्या राष्ट्राचे कष्टाचे काम कोणी केले आणि त्यांना कोणते हक्क मिळाले, हे पाहिले म्हणजे ते बाहेरच्यांशी कसे वागते याचाही पुष्कळसा उलगडा होतो. कारण त्याच्या घरातील तंटा घरातच राहत नाही; समुद्र ओलांडून तो आपल्या दाराशी येतो.

पहिला दाखला कापसाचा. १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लक्ष काळे गुलाम होते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांश तरी त्यांच्याच श्रमाचा असे. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून त्या देशात यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्रज गिरणीवाले हिंदुस्थानाकडे वळले. मुंबईत कापसाचे भाव भडकले, रोज नव्या कंपन्या निघाल्या. दख्खनच्या शेतकऱ्यालाही चार पैसे दिसले आणि सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या बुडाल्या. कर्ज मात्र राहिले. त्यातच १८६७ पासून पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत सरकारने शेतसारा वाढवला. अखेर १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात रयत उठली आणि तिने सावकारांची खतपत्रे जाळली. या दंग्यांचे खापर एकट्या अमेरिकेवर फोडणे चूक ठरेल. सारा, सावकारी आणि इंग्रजी कोर्टे ही कारणे येथलीच. परंतु दूरच्या मळ्यातील गुलामाचा आणि सुप्याच्या कुणब्याचा संबंध एकाच बाजारभावाने जोडला गेला होता, हे विसरता येत नाही.

हा संबंध महात्मा फुले यांनी वेगळ्या बाजूने ओळखला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांना मुक्त करण्याचे काम केले होते. जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेच्या सरकारला किंवा श्रीमंतीला अर्पण केले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एका राष्ट्रात दोन बाजू असतात आणि आपण कोणत्या बाजूचे ते सांगावे लागते, ही समज त्यात आहे.

त्या मुक्तीचे पुढे काय झाले? १८७७ नंतर दक्षिणेत काळ्यांचा मताधिकार युक्तीने हिरावला गेला. शाळा, गाड्या, पाणवठे वेगळे झाले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तो काळ हाच. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागितली. पुढे १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मताधिकाराचा कायदा झाला, पण तो रस्त्यावरच्या माणसांनी मिळवला. मार्टिन ल्यूथर किंग यांना ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे गोळी लागली, तेव्हा ते तेथे कशासाठी गेले होते? कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते. त्यानंतर संप झाला आणि संपकऱ्यांच्या हातातील पाट्यांवर एवढेच होते: मी माणूस आहे.

या लढ्याचे फळ आपल्यालाही मिळाले. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस गोरा नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. १९४६ साली दारे किंचित उघडली. वर्षाला शंभर हिंदी माणसांना प्रवेश! वंशावर आधारलेली ही वाटणी मोडली ती १९६५ च्या कायद्याने, म्हणजे काळ्यांच्या लढ्याने गोऱ्यांची श्रेष्ठता उघडपणे सांगणे अशक्य केले तेव्हा. त्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनियर तेथे गेले, त्यांची मंडळे, त्यांचे गणेशोत्सव उभे राहिले. तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाने आपल्या हुशारीचा अभिमान जरूर बाळगावा. पण वाट मोकळी करणारांत काळे शेतमजूर आणि मोलकरणीही होत्या, हे मुलांना सांगावे.

उलट बाजूही आहे. अमेरिकन शेतकऱ्याचे धान्य देशात खपेना, म्हणून १९५४ साली तेथे पीएल-४८० हा कायदा झाला आणि त्याचा गहू आपल्याकडे आला. त्याने अनेकांची पोटे भरली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी तोच गहू थोडा थोडा, अडवून अडवून सोडला. आपण व्हिएतनामच्या युद्धावर केलेली टीका त्यांना खुपत होती.

आता आपल्या मुळशीकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून येथे टाटांचे धरण आले. १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट यांनी त्यासाठी तुरुंग भोगला. धरण झालेच आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. १९२९ साली टाटांच्या वीज-कंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन अँड फॉरिन पॉवर ही कंपनी भागीदार झाली. जमीन मावळ्याची, पाणी मुळेचे, वीज मुंबईला आणि हिशेबाचा एक धागा न्यूयॉर्कला!

आज याच तालुक्यातील हिंजवडीत हजारो तरुण अमेरिकेच्या कचेऱ्यांचे काम करतात. तेथील कारागीर आणि बाहेरून येणारा यांच्यातील जुना वाद पुन्हा पेटला आणि २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जावर एक लक्ष डॉलरचा आकार बसवण्याचा हुकूम निघाला. त्या दिवशी येथील अनेक घरांत चिंता शिरली. तेथील कामगाराला आपला मुलगा शत्रू वाटतो. येथे आपल्याला तो कामगार शत्रू वाटतो. दोघांच्याही पगारावर ज्यांचा नफा ठरतो, ते मात्र या भांडणात कोठेच दिसत नाहीत.

आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली शिकागोचे कामगार लढले आणि त्यातून जगाला १ मे मिळाला. १९६० पासून तोच आपला महाराष्ट्र दिनही आहे. अमेरिकेचे सरकार मात्र आपला कामगार दिन सप्टेंबरात पाळते. तेव्हा मित्र की शत्रू, हे विचारणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच: आधी हजेरीपट मागा, अमेरिकेचा मागा, आणि हिंजवडीच्या इमारती झाडणाऱ्या, पहाऱ्यावर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगारांचाही मागा.