ज्युनिअर गटानंतरचा मुकाम

आम्ही रहिमतपुरात उर्दू माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवतो. रणदुल्लाखानाचा मकबरा गावातच आहे. आदिलशाहीचा धडा आला की मुलांना तेथे घेऊन जातो. अशाच एका फेरीत आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, इतिहासात फक्त लढणारेच असतात का? खेळणारे नसतात?" वर्गात सर्वांत जोरात धावणारी मुलगी ती. तिचा प्रश्न आम्हाला टाळता आला नाही, कारण यापूर्वी असाच एक प्रश्न आम्ही टाळला होता. ते पुढे सांगूच.

आधी तिला दिलेले उत्तर. आमच्या स्टेशनातून जाणारी रेल्वे ज्या सांगलीला पोहोचते, त्या सांगलीत १९३३ साली नंदू नाटेकर जन्मले. पुढे बॅडमिंटनचे बादशहा म्हणून साऱ्या देशाला ते माहीत झाले. पण त्यांच्या हातात आधी टेनिसची रॅकेट होती, हे फारसे कोणी सांगत नाही. १९५१-५२ च्या सुमारास ते टेनिसच्या राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेले आणि तेथे मद्रासकडच्या एका मुलाकडून हरले. त्या मुलाचे नाव रामनाथन कृष्णन.

हरलेल्या नाटेकरांनी टेनिस सोडले आणि बॅडमिंटन धरले. १९५६ साली मलायातील सेलांगोर स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. जिंकलेल्या कृष्णनने १९५४ साली विम्बल्डनचे ज्युनिअर विजेतेपद घेतले, आशियात ते प्रथमच आले. पुढे १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी टेनिससाठी कृष्णन आणि बॅडमिंटनसाठी नाटेकर, असा दोघांचाही सन्मान झाला. दहा वर्षांपूर्वी जाळीच्या दोन बाजूंना उभी असलेली पोरे एकाच यादीत आली.

त्याच काळात कलकत्त्याचे अख्तर अली १९५५ च्या विम्बल्डनमध्ये ज्युनिअर गटाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. भारताकडून ते डेव्हिस कपही खेळले, पण मोठे नाव झाले ते उस्ताद म्हणून. त्यांच्या तालमीतून पुढच्या पिढ्या घडल्या. त्यांचे पुत्र झीशान अली आधी भारताकडून खेळले आणि नंतर डेव्हिस कप संघाचे प्रशिक्षक झाले.

म्हणजे एकाच पिढीतली तीन मुले ज्युनिअर गटातून बाहेर पडून तीन वाटांनी गेली आणि तिघांच्याही वाटेला इज्जत मिळाली. मात्र तो जमाना हौशी खेळाचा होता. खेळाडू पैशासाठी खेळत नसे. जॅक क्रेमरने व्यावसायिक होण्यासाठी देऊ केलेली मोठी रक्कम कृष्णनने नाकारली, कारण ती घेतली असती तर डेव्हिस कप खेळता आला नसता. १९६८ पासून मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या आणि टेनिस हा पेशा बनला.

पेशा झाल्यापासून ज्युनिअर आणि व्यावसायिक यांमधली दरी रुंदावली. ज्युनिअर गटाचे गुण ज्युनिअरपुरतेच, मोठ्यांच्या क्रमवारीत मुलाला पुन्हा तळापासून चढावे लागते. सर्वांत खालच्या पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत विजेत्याला सुमारे दोन हजार डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती फारच थोडे पडते. विमानभाडे आणि प्रशिक्षकाचा पगार घरूनच.

भारतीय मुलांनी ज्युनिअर गट कमी गाजवला आहे असे नाही. कृष्णन यांचे पुत्र रमेश १९७९ साली विम्बल्डन आणि फ्रेंच, दोन्ही ज्युनिअर स्पर्धा जिंकले. मोठ्यांत ते तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढले. गोव्याच्या घराण्यातला लिअँडर पेस १९९० चा विम्बल्डन ज्युनिअर विजेता. एकेरीत तो त्र्याहत्तराव्या क्रमांकाच्या वर गेला नाही, पण १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक त्याने आणले आणि दुहेरीत अठरा ग्रँड स्लॅम जिंकली. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ज्युनिअर विजेता झाला. दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली आणि अखेर तोही दुहेरीकडे वळला.

आणि सानिया मिर्झा. जन्म मुंबईचा, १९८६ चा. वाढली हैदराबादेत, शेणाने सारवलेल्या कोर्टवर. २००३ साली तिने विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. २००५ च्या फेब्रुवारीत हैदराबादची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत चौथी फेरी गाठली. दोन वर्षांत दरी पार! त्या वर्षी आपल्याकडे तिच्या फोरहँडपेक्षा तिच्या पोशाखावर जास्त बोलले गेले, हेही इतिहासात नोंदवले पाहिजे. २००७ मध्ये ती एकेरीत सत्ताविसावी होती. मनगट आणि गुडघ्याच्या दुखण्यांनी एकेरी सुटली तेव्हा तिने दुहेरी धरली. २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. २०२३ मध्ये निवृत्त होताना तिच्या नावावर सहा ग्रँड स्लॅम होती. अम्मी-अब्बा पाठीशी होते म्हणून तिला वाट बदलता आली.

महाराष्ट्रातल्या मुलांनी आणखी एक वाट शोधली आहे. ऋतुजा भोसले आणि अर्जुन कढे ज्युनिअर गटानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांत गेले, तेथे खेळता खेळता शिकले. ऋतुजाने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. नाटेकरांच्या घरीही टेनिस परत आले. त्यांचे पुत्र गौरव यांनी १९९४ साली हिरोशिमात पेसबरोबर पुरुष दुहेरीचे आशियाई सुवर्ण जिंकले.

आता टाळलेला प्रश्न. सात-आठ वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेली होती. तिचे अब्बा शाळेत आले आणि म्हणाले, "सर, इसका आगे क्या?" आम्ही गप्प बसलो. आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर खेळाचा तास गणिताला देणाऱ्यांत आम्हीही होतो. चौदाव्या वर्षी तिचे धावणे थांबले. तिचे पदक न्यायला कोणी आले नाही, ते अजून शाळेच्या कपाटात आहे.

आपली मुले पुढच्या दरीत पडत नाहीत, तिच्या काठापर्यंत आपण त्यांना पोहोचूच देत नाही. "आगे क्या?" या प्रश्नाचे पक्के उत्तर १९५२ साली नाटेकरांच्या घरच्यांजवळही नसणार. तरीही पोराच्या हातात रॅकेट राहिली, फक्त खेळ बदलला.

यंदा त्या आठवीतल्या मुलीचे नाव आम्ही तालुक्याच्या स्पर्धेसाठी दिले आहे. तिचे वालिद विचारायला येतील. या वेळी त्यांना बसवून चहा देऊ आणि सांगलीच्या त्या हरलेल्या मुलाची हकिकत सुरुवातीपासून सांगू.